चिखलातल्या कोंबाचा नत्रव्यवहार

निफाड तालुक्याची ओळख कोणी भातावरून करून देत नाही. द्राक्षाच्या बागा, लासलगावचा कांदा, आणि हिवाळा आला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा कितीवर उतरला याची वर्तमानपत्रातली बातमी, या निफाडच्या खुणा. नाशिक जिल्ह्यातले भात पिकते ते घाटमाथ्याच्या कडेला: इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, निफाडला पाचशेच्या आसपास, आणि दोहोंमधले अंतर शंभर किलोमीटरही नाही. तरीही भाताच्या कोंबावरच्या या लेखनाची सुरुवात निफाडपासून करायला दोन कारणे आहेत. पहिले गव्हाचे. इगतपुरीची खाचरे भिजवून आलेली दारणा याच तालुक्यात गोदावरीला मिळते. म्हणजे एकाच खोऱ्याच्या वरच्या अंगाला भात आणि खालच्या अंगाला गहू, आणि दोन्ही गवताच्याच कुळातली धान्ये. पण प्राणवायू नसलेल्या पाण्यात दोघांचे बी बुडवून ठेवले तर गव्हाचे बी कोंब न काढताच काही दिवसांत मरते, भाताचे बी कोंब काढते. दुसरे कारण विंचूरच्या वाइन पार्कमधल्या टाक्यांचे. त्याकडे पुढे येतो.

भाताचे बी भिजवून, मोड आणून चिखलात फेकण्याची पद्धत कोकणात जुनी आहे. तिला रहू म्हणतात. ती पाहणाऱ्याला यात नवल वाटत नाही, कारण डोळ्यांसमोर जे रोज घडते त्याचे नवल वाटत नसते. वास्तविक तिथे घडते ते असे. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट मंद गतीने सरकतो. चिखलणी केलेल्या खाचरात जो थोडा प्राणवायू अडकलेला असतो तो मातीतले जिवाणू एखाद-दोन दिवसांत संपवतात. बियाला मग साखरेच्या एका रेणूमागे, हवेत मिळाले असते त्या सुमारे तीस एटीपींऐवजी फक्त दोन मिळतात. एटीपी म्हणजे पेशीचे रोखीचे चलन. एवढ्या तुटपुंज्या मिळकतीवर भाताचे बी सगळीच कामे हाती घेत नाही. मूळ बाहेर काढण्याचे काम ते थांबवून ठेवते आणि कोंबाभोवतीची म्यान, म्हणजे वनस्पतिशास्त्रात जिला कोलिऑप्टाइल म्हणतात ती, तेवढी वर रेटते. म्यान पाण्याच्या पृष्ठभागाला लागली की तिच्या पोकळीतून हवा खाली येते आणि मग मुळाची पाळी लागते.

हे सगळे कसे साधते याचे पाठ्यपुस्तकी उत्तर एका शब्दाचे आहे: किण्वन. पिष्टाची साखर होते, साखर अर्धवट फुटते, तिचे मद्य बनते आणि तेवढ्यावर गाडा चालतो. हे उत्तर खोटे नाही. पण ते कर्बाचा जमाखर्च सांगते आणि नत्राच्या खात्याचे पान कोरे ठेवते. माझे म्हणणे असे की हे पान कोरे नाही. प्राणवायू नसताना भाताचा कोंब नत्र निव्वळ साठवून ठेवत नाही. तो प्रथिने मोडतो, त्यातले नत्र एका अमिनो आम्लातून दुसऱ्यात फिरवतो, नायट्रेट मिळाले तर त्यावर इलेक्ट्रॉनचा भार उतरवतो, आणि या उलाढालीमुळेच किण्वनाची यंत्रणा चालू राहते आणि हवा परत आल्यावर पुन्हा उभे राहण्याची सोय होते. शर्करेच्या प्रवाहाच्या मानाने ही उलाढाल परिमाणाने लहान आहे, हे आधीच मान्य करून टाकतो. ती बिनमहत्त्वाची आहे, हे मात्र मान्य नाही.

आता विंचूर. वाइन बनवणाऱ्यांना ही गोष्ट त्यांच्या धंद्यातून पक्की ठाऊक असते. द्राक्षरसात साखर मुबलक असते आणि यीस्टला तिथे प्राणवायूची गरज जवळपास नसते. तरीही रसात नत्र कमी पडले तर किण्वन मंदावते, कधी मध्येच अडकून बसते आणि साखर तशीच शिल्लक राहते. कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो तोही पुष्कळदा त्याच कारणाने. म्हणून टाकीत डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजे शेतकऱ्याचे डीएपीच, मोजून घालतात. साखर असूनही काम का अडावे? कारण साखर पेशीच्या आत ओढणारी वाहक प्रथिने आणि ती फोडणारी विकरे ही सतत झिजतात आणि सतत नव्याने घडवावी लागतात. त्यांना नत्र लागते. यीस्ट आणि भात यांत अंतर मोठे आहे, आणि एकाचा नियम दुसऱ्यावर सरसकट लादता येणार नाही. पण हवेविना जगणे ही निव्वळ साखरेची बाब आहे ही समजूत मोडायला ही टाकी पुरेशी आहे.

कोंबाकडे नत्र असते तरी किती? सालीसकट भाताचा एक दाणा पंचवीस मिलिग्रॅमच्या आसपास धरू. टरफल काढल्यावर वीसेक मिलिग्रॅम उरतात, त्यात साधारण आठ टक्के प्रथिने. तांदळाच्या प्रथिनांसाठी ५.९५ हा गुणक वापरतात, त्या हिशेबाने दाण्यातले नत्र पाव मिलिग्रॅमच्या किंचित वर जाते. मूळच नाही तेव्हा बाहेरून फारसे काही येण्याचा संभव नाही. पहिल्या दिवसांचे भांडवल हेच. दाण्यातली साठ्याची प्रथिने फुटतात आणि अमिनो आम्ले कोंबाकडे जातात. मिलानच्या रेज्जानी आणि बेर्तानी यांनी १९८० च्या दशकापासून भातावर या दिशेने बरेच काम केले. त्यातून आणि इतरांच्या कामातून जे चित्र पुढे आले ते लक्षणीय आहे. हवेविना ठेवलेल्या भाताच्या पेशींत सगळी अमिनो आम्ले सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. दोन विशेषकरून साठतात, अलानिन आणि गामा अमिनोब्युटिरिक आम्ल, ज्याला थोडक्यात गाबा म्हणतात.

या दोघांचीच निवड का, यात विषयाचे मर्म आहे. साखर फुटून पायरुवेट बनते. त्याचे मद्य केले तर इलेक्ट्रॉनचा भार उतरतो, पण मद्य पेशीबाहेर पाझरून जाते. त्यातला कर्ब कायमचा गेला. त्याच पायरुवेटला ग्लुटामेटकडून नत्र मिळाले तर अलानिन होते. अलानिन पेशीतच राहते, आम्लता वाढवत नाही, आणि हवा परत आली की उलट फिरून पुन्हा पायरुवेट होते. म्हणजे कर्ब आणि नत्र दोन्ही पेशीतच शाबूत राहिले. अलानिनने भार मात्र मद्याइतका उतरत नाही, म्हणून ते मद्याची जागा घेत नाही. दोन्ही जोडीने चालतात. गाबाचे काम वेगळे. प्राणवायू नसताना पेशीरस आंबट होत जातो आणि ही आम्लता हद्दीबाहेर गेली की पेशी मरते. ग्लुटामेटपासून गाबा बनताना एक हायड्रोजन आयन खर्ची पडतो, आणि गाबा बनवणारे विकर आम्लता वाढल्यावरच जोमाने कामाला लागते. आंबटपणानेच आंबटपणावरचा उतारा सुरू व्हावा, अशी ही रचना आहे. जपानमध्ये मोड आणलेला हातसडीचा तांदूळ गाबायुक्त म्हणून चढ्या भावाने विकला जातो. त्या भावाचे मूळ दाण्याच्या या बुडण्याच्या तयारीत आहे.

इथवर नत्र दाण्यातलेच होते. बाहेरून नायट्रेट मिळाले तर गोष्ट आणखी पुढे सरकते. १९९७ साली टेरेसा फॅन, रिचर्ड हिगाशी, अँड्र्यू लेन आणि सहकाऱ्यांनी भाताच्या म्यानींना जड नत्राने, म्हणजे १५ वस्तुमानाच्या समस्थानिकाने, खूण केलेले नायट्रेट दिले आणि चुंबकीय अनुस्पंदनाने ते नत्र कुठे जाते याचा माग काढला. प्राणवायू नसतानाही खुणेचे नत्र ग्लुटामिन, ग्लुटामेट, अलानिन, गाबा यांत सापडले. कोंबाने नायट्रेट घेतले, त्याचे अमोनियम केले आणि ते आपल्या अमिनो आम्लांत गुंफले. यातली महत्त्वाची बाब इलेक्ट्रॉनच्या मोजणीत आहे. एका नायट्रेटचे अमोनियम व्हायला आठ इलेक्ट्रॉन लागतात. साखरेचा एक रेणू फुटताना चार इलेक्ट्रॉनचा भार मागे राहतो. म्हणजे नायट्रेटचा एकच रेणू साखरेच्या दोन रेणूंचा भार आपल्या अंगावर घेतो, आणि वर हायड्रोजन आयनही शोषतो. हवेत हे काम प्राणवायू करतो. इथे त्याच्या कामाचा एक तुकडा नायट्रेट उचलते.

नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे साठलेल्या गाळातही नायट्रेटवर हेच घडते, आणि तिथला फरक पाहण्यासारखा आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा जलाशय महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण त्याच्या गाळातले जिवाणू कमी प्रसिद्ध असले तरी कमी कामाचे नाहीत. शेतांतून वाहून आलेले नायट्रेट ते प्राणवायूच्या जागी श्वसनाला वापरतात आणि शेवटी त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. इलेक्ट्रॉन उतरवणे हा हेतू दोघांचा सारखाच. जिवाणू मात्र नत्र उधळून मोकळे होतात, आणि भाताचा कोंब त्यातले बरेचसे अमिनो आम्लांत अडकवून ठेवतो. ज्याच्या गाठीला पाव मिलिग्रॅम नत्र आहे त्याला उधळपट्टी परवडणारी नसते.

नायट्रेटचे हे रूपांतर झालेच नाही तर काय होते याचा सरळ पुरावा तंबाखूतून मिळाला. नायट्रेटचे रूपांतर करणारे विकरच नसलेली तंबाखूची रोपे आणि साधी रोपे यांची मुळे प्राणवायूविना ठेवून मारिया स्टोइमेनोव्हा आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तुलना केली. विकर नसलेल्या मुळांत मद्य आणि लॅक्टिक आम्ल जास्त झाले, पेशीरस जास्त आंबला. त्याच स्टोइमेनोव्हा यांनी अबीर इगामबर्दिएव्ह, कपुगंती जगदीश गुप्ता आणि रॉबर्ट हिल यांच्यासह २००७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. भात आणि बार्लीच्या मुळांतल्या तंतुकणिका वेगळ्या काढून, प्राणवायू नसताना त्यांना नायट्राइट दिले तर त्या थोडे एटीपी बनवतात. हे एटीपी हवेतल्या दराच्या जेमतेम काही टक्के भरते. भात नायट्रेटवर श्वास घेतो, अशी वाक्ये अधूनमधून वाचायला मिळतात. ती या काही टक्क्यांवर उभी आहेत आणि तेवढा भार त्यांना पेलत नाही. या लहान आकड्याचा खरा अर्थ बहुधा असा की तंतुकणिका पूर्ण बंद पडत नाहीत, त्यांची घडण टिकून राहते आणि हवा येताच त्या कामाला लागू शकतात.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप गव्हाकडूनच येतो. पिसाच्या पिएर्दोमेनिको पेराता, लोरेंझो गुलिएल्मिनेत्ती आणि अमेदेओ आल्पी यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले की हवेविना गव्हाचे बी पिष्ट फोडणारे अमायलेज बनवूच शकत नाही, भाताचे बी बनवते. आणि गव्हाला बाहेरून साखर पुरवली तर त्याची अवस्था बरीच सुधारते. मग भात आणि गहू यांतला फरक पिष्टाचा झाला, नत्राची कथा कशाला? पुढे २०१५ साली आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पाण्याखाली उगवण्याची ताकद देणारे एक जनुक शोधले, म्यानमारच्या खाओ ह्लान ऑन या वाणातले. तेही निघाले शर्करेच्या व्यवहाराशी निगडित, ट्रेहॅलोजच्या मार्गातले. पुरावा कर्बाच्या बाजूने झुकलेला दिसतो, आणि पहिली पायरी पिष्टाची आहे हे मी नाकारत नाही.

पण त्या पायरीवर उभे राहून खाली पाहावे. अमायलेज हे स्वतः प्रथिन आहे. दोन एटीपीच्या कमाईवर, बहुतेक प्रथिनांची घडण थांबलेली असताना, बी हेच प्रथिन निवडून घडवते, आणि त्यासाठी साठ्यातली अमिनो आम्ले मोकळी करावी लागतात. ही निवड कशाच्या इशाऱ्याने होते? तैवानच्या अकॅडेमिया सिनिकातल्या सु-मे यू यांच्या गटाने २००९ मध्ये सीआयपीके-१५ या प्रथिनाचे काम उलगडले: प्राणवायूची टंचाई आणि साखरेची उपासमार हे दोन इशारे ते जोडते, आणि त्यातून अमायलेजचे जनुक चालू होते. त्याच गटाने २०१२ मध्ये पुढचा टप्पा मांडला. साखर, नत्र आणि फॉस्फेट यांपैकी कशाचीही उपासमार झाली की तिचे इशारे अखेर सामायिक नियंत्रक प्रथिनांपाशी येऊन मिळतात, आणि तेथून पिष्टाबरोबर प्रथिने व इतर साठेही फोडणारी विकरे एकत्रच चालू होतात. उगवणारे धान्य कर्ब आणि नत्र यांची वेगवेगळी दुकाने चालवत नाही. गव्हाला साखर देऊन त्याची अवस्था सुधारते हे खरे, म्हणून नत्राचा भाग रिकामा ठरत नाही. त्या प्रयोगात गव्हाच्या दाण्यात नत्र होतेच, कमी होती ती साखर.

दुसरा आक्षेप मातीचा, आणि शेतकऱ्याच्या तोंडून येईल असा. पाणी भरलेल्या खाचरात नायट्रेट असते कुठे? प्राणवायू संपला की पाठोपाठ नायट्रेटच संपते, त्यानंतर मँगेनीज, लोह, सल्फेट अशी पाळी लागते, हे मृदाशास्त्राचे पहिल्या वर्गातले सूत्र आहे. सूत्र बरोबर आहे, पण ते कधी लागू होते हेही पाहावे लागते. उन्हाळाभर तापलेल्या, कोरड्या मातीवर पहिला पाऊस पडला की जिवाणू एकदम कामाला लागतात आणि बरेच नत्र मोकळे होते. उन्हाळ्यात साठलेले नायट्रेटही त्यात असते. बी पडते ते नेमके याच दिवसांत. घाटमाथ्यावर आणि कोकणात रोपवाटिकेची जागा पालापाचोळा, शेण, कवळ जाळून भाजतात; त्या राबाचा अभ्यास पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या हॅरोल्ड मान, जोशी आणि कानिटकर यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. राब म्हणजे अडाणीपणाने वाया घालवलेले खत, असे तेव्हा अनेक साहेबांचे मत होते. राबाचा गुण राखेपुरता नाही, माती तापण्याचाही आहे, हे त्या अभ्यासाने पुढे आणले. तापलेल्या मातीत विद्राव्य नत्र, त्यातही अमोनियम, वाढते. तेव्हा पहिल्या काही दिवसांत कोंबाला थोडे नायट्रेट आणि बरेच अमोनियम मिळू शकते. नंतर नायट्रेट जाते, अमोनियम राहते. अमोनियमने इलेक्ट्रॉनचा भार नायट्रेटइतका उतरत नाही, पण अलानिन आणि ग्लुटामिनचा मार्ग चालू राहतो. मी वर मांडलेल्या उलाढालीत नायट्रेट हा हंगामी भागीदार आहे. कायमचा भागीदार दाण्यातले प्रथिन.

तिसरा आक्षेप प्रयोगशाळेचा. म्यानी कापून घ्यायच्या, शुद्ध नायट्रोजन वायूत ठेवायच्या, आणि त्यावरून खाचराबद्दल बोलायचे, हे कितपत योग्य? खाचरात प्राणवायू पूर्ण शून्यावर फार काळ राहतोच असे नाही. दिवसा पाण्यातले शेवाळ प्रकाशात प्राणवायू सोडते, रात्री तो ओसरतो. पावसाची सर येते, वारा पाणी हलवतो, बांध फोडून पाणी उतरवले जाते. हे खरे आहे, आणि माझ्या मते हे म्हणणे नत्राच्या बाजूनेच जाते. प्राणवायू कायमचा गेलेला असता तर अलानिन साठवण्यात फारसा अर्थ नव्हता. मद्य करून मोकळे होणे सोपे. पण जिथे हवा रात्री जाते आणि सकाळी येते तिथे रात्री अलानिनमध्ये ठेवलेले पायरुवेट सकाळी परत मिळते. चढउतार जितका जास्त, तितकी ही ठेव उपयोगाची.

मग रोपवाटिकेत बी टाकतानाच युरिया टाकावा का? नाही. वरच्या विवेचनातून असा सल्ला निघत नाही, आणि तसा कोणी काढला तर नुकसान होईल. मूळ नसलेल्या कोंबाची भूक पाव मिलिग्रॅमच्या हिशेबातली आहे. त्याच्या शेजारी युरियाचे दाणे विरघळले तर निघणारा अमोनिया त्याला जाळतो. खताचे नत्र मूळ धरल्यानंतरचे. त्या टप्प्यावर प्राणवायू नसलेल्या चिखलाचाच फायदा कसा घेता येतो ते महाराष्ट्रात डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीने दाखवले आहे: युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. तेवढ्या खोलीवर हवा पोचत नाही, म्हणून अमोनियमचे नायट्रेट होत नाही, आणि नायट्रेट न झाल्यामुळे नांदूर मध्यमेश्वरच्या गाळात होतो तसा त्याचा वायू होऊन उडून जात नाही. कोंबाच्या वयात नत्राचा विषय वेगळ्या कारणाने महत्त्वाचा होतो. आवणीला माणसे मिळेनाशी झाली आहेत आणि बी थेट पेरण्याकडे ओढा वाढतो आहे. थेट पेरलेल्या बियावर पाऊस कोसळून पाणी तुंबले तर ते बी तगणार की नाही, हे वाणाच्या निवडीवर ठरेल. आणि ती निवड करताना अमायलेज मोजणे आवश्यक असले तरी पुरेसे आहे असे मला वाटत नाही. पाणी उतरल्यावर किती लवकर मूळ सुटते, तेही मोजायला हवे, कारण अलानिनची ठेव कामी येते ती तिथे. गव्हाच्या पैदासकारालाही यात पाहण्यासारखे आहे. रब्बीत कालव्याचे पाणी काळ्या जमिनीत तुंबून नुकत्याच पेरलेल्या गव्हाची उगवण विरळ होते, तेव्हा त्या बियात काय संपलेले असते, साखर की आणखी काही, हा प्रश्न इगतपुरीइतकाच कुंदेवाडीचाही आहे.

पुढची मांडणी मातीपासून सुरू होते, दाण्यापासून नाही. वाचकाला क्रम उलटा वाटेल. पण चिखलात प्राणवायू कसा आणि किती तासांत संपतो, त्यामागून नायट्रेट केव्हा जाते, हे समजल्याशिवाय दाण्याच्या आतली घाई समजत नाही. म्हणून अलानिन आणि गाबा यांच्याकडे वळण्याआधी खाचराच्या पाण्याखाली थोडे थांबावे लागेल.